पाकिटावरचे तीन आकडे

‘व्हिटॅमिनच आहे ते ताई, त्यानं काय होतंय?’ मेडिकलवाल्याचं हे वाक्य आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तो हे बोलला तेव्हा मावशीच्या हाताला सलाइन होतं आणि ती मला माझ्या आईच्या नावानं हाक मारत होती.

मावशी सांगलीची. गुडघे दुखायचे, तपासणीत डी जीवनसत्त्व कमी निघालं, डॉक्टरांनी ६०,००० युनिटच्या कॅप्सूल दिल्या. हल्ली घरोघरी हेच चालतं. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं : आठवड्यातून एक, आठ आठवडे.

दुकानातून मात्र कॅप्सूल खाकी पाकिटात आल्या आणि पाकिटावर बॉलपेननं १-०-० असं लिहिलेलं होतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. या तीन आकड्यांत दिवस मावतो, आठवडा मावत नाही. डॉक्टरांचा कागद फाइलीत गेला, पाकीट डब्यात. मावशी रोज एक घेऊ लागली. मोठ्या माणसाला दिवसाला ६०० ते ८०० युनिट पुरतात, म्हणजे हिच्या पोटात रोज त्याच्या पाऊणशे ते शंभर पट जात होतं! आणि स्ट्रिप संपली की रिकामी स्ट्रिप दाखवायची, नवी मिळायची. चिठ्ठी कुणी मागितली नाही. चार कॅप्सूलची स्ट्रिप म्हणजे महिन्याची बेगमी. ती चार दिवसांत संपवून बाई पुन्हा काउंटरवर उभी आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा, त्याच्या पुढच्याही. बिल करताना एकदाही, एकदाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही की मावशी, एवढ्या लवकर कशा संपल्या?

मग तहान, रात्रीतून सारखं लघवीला उठणं, बद्धकोष्ठता, उलट्या. सगळे म्हणाले, वय झालं. शेवटी बोलण्यात घोळ व्हायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्तातलं कॅल्शियम साडेदहाच्या आत हवं, ते चौदाच्या वर. किडनीही दमलेली. इतकं कॅल्शियम म्हटल्यावर डॉक्टरांना कॅन्सरची शंका घ्यावीच लागते. बोन मॅरो तपासण्याची भाषा सुरू झाली. ते दिवस कसे गेले ते मी लिहू शकत नाही. औषधं कोणती चालू आहेत, असं प्रत्येकानं विचारलं होतं आणि घरच्यांचं उत्तर एकच : बीपीची गोळी, बाकी काही नाही. व्हिटॅमिनला औषध कोण म्हणतं?

एका सिस्टरनी सांगितलं, घरातला डबाच उचलून आणा. डब्यात ते पाकीट निघालं, कॅल्शियमच्या गोळ्या निघाल्या, अ‍ॅसिडिटीसाठी आणलेलं शंखभस्म निघालं. तेही कॅल्शियमच. बीपीच्या गोळीत थायझाइड होतं, ते लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवून धरतं. सगळं बंद केलं, सलाइन आणि स्टेरॉइड दिलं. पण डी जीवनसत्त्व चरबीत साठतं. ते उतरायला महिने लागले.

म्हणून सांगते, डॉक्टरकडे जाताना चूर्ण, भस्म, टॉनिक, जाहिरात बघून आणलेल्या गोळ्या, सगळं पिशवीत घालून न्या. आणि आठवड्याचं औषध असेल तर पाकिटावर वार लिहून घ्या. ‘सोमवार’ लिहायला कितीसा वेळ लागतो?

त्या मेडिकलवाल्याविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायचा अर्ज मी लिहिला. मावशी म्हणाली, पाठवू नकोस. २०१९च्या महापुरात गल्लीत छातीभर पाणी होतं, तेव्हा काकांचं इन्सुलिन डोक्यावर धरून याच माणसानं घरी पोचवलं होतं. ते खरं आहे, मी स्वतः पाहिलंय. त्या दिवशी मीच त्याला देवमाणूस म्हटलं होतं. त्याचा राग करताना मला आता पूर्वीसारखा जोर येत नाही. पण तेच पाकीट उद्या तिसऱ्या कुणाच्या घरात असेल, हे मनात आलं की अर्ज पुन्हा बाहेर काढते. मावशी अजून त्याच्याकडूनच बीपीची गोळी आणते आणि माझ्याशी या विषयावर बोलत नाही.