धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं

ही म्हण आपण पेचात सापडलेल्या माणसाला उद्देशून वापरतो. मला मात्र ती हल्ली यंत्रमानवाच्या हाताकडे पाहून आठवते. स्पर्धेसाठी यंत्रमानव बनवणाऱ्या मित्रांच्या घोळक्यात दोन वर्षे वावरल्यावर माझे असे मत झाले आहे की, यंत्राला वस्तू धरायला शिकवणे त्या मानाने सोपे. ती केव्हा सोडायची आणि केव्हा मुळीच सोडायची नाही, हे शिकवणे महाकठीण!

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ‘रोबोकॉन’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. तिचे यजमानपद भारताकडे २००८ व २०१४ साली पुण्यात आणि २०२२ साली नवी दिल्लीत आले. पहिला खेळ दहीहंडीवर बेतलेला होता. दुसऱ्यात ‘पालक’ यंत्राने ‘बालक’ यंत्राला उचलून सी-सॉ आणि झोपाळ्यावर खेळवायचे होते. तिसरा खेळ म्हणजे आपली लगोरी. फोडलेल्या पाच चकत्या पुन्हा एकावर एक रचायच्या. खेळ निराळे, पण कसोटी एकच : उचल, ने आणि नीट ठेव.

असे उचलण्याचा एक मार्ग म्हणजे रबरी वाटी, अर्थात सक्शन कप. ही वाटी वस्तूला ‘ओढते’ असे आपण म्हणतो. खरे पाहता ती काहीच ओढत नाही. आतली हवा काढून घेतली की बाहेरची हवा वस्तूला वाटीवर दाबून धरते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या वाटीचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार साधारण एक किलो. आतला दाब साठ टक्क्यांनी उतरवला तर कागदावर बारा किलो पेलतात. पण जाणती माणसे आडव्या वस्तूसाठी याच्या निम्मे आणि उभ्या पृष्ठभागासाठी पावच धरतात. आतली हवा काढण्याची युक्तीही गमतीची आहे. थंड पेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत सहा बारपर्यंत हवा भरतात आणि ती इजेक्टरच्या अरुंद तोंडातून वेगाने सोडतात. जाता जाता ती वाटीतली हवाही आपल्याबरोबर घेऊन जाते.

हे सारे ऐकताना मला गावाकडची विहीर दिसत होती. मी तलमडुगुचा. आदिलाबाद जिल्ह्यातला, महाराष्ट्राच्या सीमेजवळचा हा कापसाचा मुलूख. काठावरचा पंप फार खोलचे पाणी उचलत नाही, म्हणून उन्हाळ्यात पंपच खाली उतरवावा लागतो, हे तिथल्या शेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक असते. हवेचा दाब पाण्याला फार तर दहा मीटर वर ढकलतो. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच हिशेबात धरायचे. पंपही पाणी ओढत नाही. तिथेही ढकलणारी हवाच!

एकदा फोनवर मी बाबांना या यंत्राचे कौतुक सांगत होतो. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, “लाइन गेली तर काय करते रे तुमचं यंत्र?”

या प्रश्नावर आमच्या गटात दोन दिवस वाद झाला. व्हॉल्व्ह विजेच्या कॉइलवर चालतात. एका कॉइलचा, स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह वीज जाताच मूळ जागी परततो. दोन कॉइलचा व्हॉल्व्ह जिथे असेल तिथेच थांबतो. तेव्हा चिमटा उघडा राहावा की मिटलेला, हे वीज असतानाच ठरवावे लागते. एक मित्र म्हणाला, “वीज गेली की सगळे सुटावे, तेच सुरक्षित.” पण हात वर असेल आणि खाली कोणी उभा असेल तर? धोका दिसताच दाबायचे लाल बटणही वीजच तोडते. हात थांबावा, पण ओझे पडू नये, असे शेवटी ठरले. त्यासाठी वीज नसताना उघडा राहणारा व्हॉल्व्ह इजेक्टरला हवा पुरवतो, आणि बाटलीतली हवा संपली तरी नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह वाटीतली पकड आणखी काही वेळ टिकवतो. विहिरीतला फूट व्हॉल्व्ह तरी दुसरे काय करतो? लाइन गेली तरी पाइपातले पाणी खाली जाऊ देत नाही.

आता उरले सोडणे. सतराव्या शतकात जर्मनीतील माग्देबुर्गच्या ओटो फॉन गेरिकेने दोन पोकळ अर्धगोल जोडून आतली हवा काढली. दोन्ही बाजूंना घोडे जुंपूनही ते सुटेनात. तोटी उघडून हवा आत घेतली की सहज वेगळे होत. वाटीचेही तसेच. हवा काढणे थांबवले तरी चकती काही क्षण चिकटून राहते. घाईने हात वर घेतला की ती तिरपी होते आणि लगोरी ढासळते. म्हणून दुसऱ्या व्हॉल्व्हने वाटीत हलकी उलटी फुंकर घालतात. फुंकर जोराची झाली तर चकती सरकते, कमी पडली तर सुटत नाही. त्यात कॉइलवर बसवलेला डायोड विजेच्या उलट झटक्यापासून मंडल वाचवतो खरा, पण व्हॉल्व्ह परतायला किंचित उशीरही करतो. तेव्हा क्रम असा : खाली टेक, थांब, फुंकर घाल, पुन्हा थांब, मग वर ये. यातले दोन्ही ‘थांब’ महत्त्वाचे.

२०१४ च्या त्या खेळाचे नाव ‘पालकत्वाला वंदन’ अशा अर्थाचे होते. नाव देणाऱ्याने व्हॉल्व्हचा विचार केला असेल की नाही कोण जाणे. पण मुलाला गावाबाहेर शिकायला पाठवणाऱ्या आईबापांना हा क्रम कोणी शिकवावा लागत नाही. आमच्या घरच्यांनी मला सोडले ते असेच : टेकवून, थांबून, आणि वर पुन्हा थोडे थांबून.