मामा तलावांच्या मुलखात

नागपूरहून रायपूरच्या रस्त्याला लागलात की भंडारा मागे पडल्यावर मुलूख बदलू लागतो. कापसाची काळी राने संपतात आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसू लागतात. साकोलीच्या पुढे, कोहमाऱ्याहून उजवीकडे वळून नवेगावबांधच्या वाटेला लागा. दर दोन-चार मैलांवर झाडीतून पाणी चमकेल. हाच तो तलावांचा जिल्हा. पूर्वी तो सगळा भंडारा होता, १९९९ साली त्यातून गोंदिया वेगळा झाला.

हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधील त्याला जमीन मिळे. कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार डोळ्यांनी ओळखून मातीच्या पाळी घातल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांचा म्हणून सांगतात. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. खाली धान, पाण्यात मासळी, उन्हाळ्यात गुरांना पाणी. एका पाळीवर सारे गाव जगे.

मालगुजारी होती तोवर तलावाची देखभाल मालगुजाराच्या देखरेखीखाली होई. तो काही देवमाणूस होता असे नव्हे. कित्येकांच्या जुलमाच्या गोष्टी आजही गावोगाव सांगितल्या जातात. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. विदर्भ तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारचे झाले आणि कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव पडले. त्याची दोन आद्याक्षरे घेऊन लोक म्हणू लागले 'मामा तलाव'. नाव गोड आहे, पण मामाच्या घरी भाचा पाहुणा असतो. जेवून उठतो. कौले फिरवण्याचे काम त्याच्याकडे नसते. या तलावांशी आपले वागणे तसेच झाले आहे.

अशाच एका गावच्या पाळीवर वैशाखात गेलो होतो. तलावाच्या पोटात निम्म्या भागावर बेशरम माजलेली. एक वयस्क शेतकरी सोबत होते. म्हणाले, "काय सांगू जी साहेब, तुडूम लीकेज आहे, नहर डॅमेज आहे, मेंटेनन्स तं होतच नाही. तलाव कंडम झाला."

तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडण्याची जुनी सोय. एवढ्या बोलण्यात तुडूम आणि नहर हे दोनच शब्द गावचे होते, आणि बिघाडाचा प्रत्येक शब्द इंग्रजी! हे काही त्या एका गावचे नाही. आपल्या गावातही पंप 'फॉल्टी', हातपंप 'आऊट ऑफ ऑर्डर', शाळेचे छप्पर 'डॅमेज' आणि काम 'पेंडिंग' असते. हे शब्द कचेरीच्या कागदांवरून आपल्या तोंडी आले. शब्द परका आहे म्हणून माझी तक्रार नाही. पंप, मोटार, बस हे शब्द आपण कधीच आपले केले. माझी तक्रार वेगळी आहे.

'लीकेज आहे' म्हटले की पुढे काही विचारायचे राहत नाही. 'तुडुमाशेजारी उंदराने बीळ पाडले आहे, तिथून पाणी झिरपते' असे म्हटले की लगेच मनात येते, मग ते बुजवा की! 'कंडम' हा तर कोर्ट-कचेरीचा शब्द. साहेबाने वस्तू निकामी ठरवली, म्हणजे ती कंडम. गाडी कंडम होते तेव्हा कुणीतरी ती तपासून कागदावर सही केलेली असते. तलावाच्या बाबतीत अशी सही कुणी केली? आपणच बोलता बोलता केली. आणि 'मेंटेनन्स होत नाही' या वाक्यात माणूसच नाही. कोण करत नाही? कधी करायचे होते? त्याचा पत्ता लागत नाही.

याउलट आपल्या बायाबापड्यांचे शब्द पाहा. सारवणे, लिंपणे, शाकारणे, डागडुजी करणे. पोतेरे फिरवायचे ते रोज, कौले फिरवायची ती मृगाआधी. कोणी आणि केव्हा करायचे ते शब्दातच ठरलेले. म्हणून घर टिकते.

खुद्द इंग्रजांचीही गंमत आहे. एखादा माणूस किंवा जागा हेळसांडीने बिघडली की ते म्हणतात, 'गॉन टू सीड'. ही म्हण भाजीच्या वाफ्यातून आलेली. मुळा वेळेवर उपटला नाही की त्याला फुले येतात, डिंगऱ्या धरतात, आणि खाली मुळा जून होऊन बसतो. दुसरी म्हण 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन', म्हणजे वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो. ही शहाणपणाची बोली त्यांनी शेतातून आणि शिवणातून घेतली. आपण मात्र त्यांच्याकडून फक्त अहवालातले शब्द उचलले.

यात नुकसान कुणाचे होते? हस्ताचा पाऊस दडी मारतो तेव्हा उशिराचे धान पोटरीत असते. त्या वेळी मिळालेले एक पाणी अख्ख्या वर्षाची मेहनत वाचवते. तलावात गाळ भरला असेल तर नेमके तेच पाणी मिळत नाही. सांडव्यात झुडपे माजली असतील, तर मोठ्या पावसात पाणी पाळीवरून जाते. मातीची पाळ एकदा वरून वाहू लागली की फुटायला वेळ लागत नाही.

म्हणून शेतकरी बंधूंनो, तुमच्या गावी मामा तलाव असो, पाझर तलाव असो की साधे शेततळे, पावसाळ्यापूर्वी पाळीवरून एकदा पायी फिरा. उंदीर-खेकड्यांची बिळे शोधा, खणून मोकळी करा, चिकण माती थराथराने भरून चोपून घ्या. नुसते तोंड बुजवू नका. सांडवा मोकळा करा. बेशरम वरवर तोडू नका, मुळासकट उपटा आणि कांड्या कोरड्या जागी वाळवून जाळा, नाहीतर ओलाव्यात पडलेली कांडी पुन्हा फुटते. गाळ हलक्या, मुरमाड रानात टाका, त्याने ओल धरते. आधी मातीची तपासणी करून घ्यावी. मात्र पाळीच्या पायथ्याजवळ खोदू नका, आणि खालचा मुरूम उघडा पडेल इतके खोल जाऊ नका, नाहीतर तलाव पाणी धरणार नाही. २०१७ साली राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली. ग्रामपंचायतीत त्याची चौकशी करावी. तुडूम किंवा पाळीचे मोठे काम असेल तर ते खात्याकडूनच करून घ्यायला हवे, त्यासाठी अर्ज करा. पण अर्जातही 'लीकेज आहे' एवढेच लिहू नका. कुठल्या बाजूला, किती हात अंतरावर आणि कधीपासून झिरपते ते लिहा. असा अर्ज बाजूला ठेवणे सोपे नसते.

बारभाईंची खेती, काय लागेल हाती, असे आपण म्हणतो. तलाव तर बाराच काय, साऱ्या गावाचा. म्हणून येत्या ग्रामसभेत एवढेच ठरवा. तलावाबद्दल बोलताना काय बिघडले ते आपल्या शब्दांत सांगायचे, आणि त्यापुढे एका माणसाचे नाव आणि एक वार लिहायचा. पाळीवर कोण जाणार? सांडवा कोण पाहणार? कुठल्या दिवशी? ही तीन उत्तरे वहीत उतरली की तलावाला कंडम म्हणण्याची वेळ येणार नाही.

आणि कधी त्या बाजूला गेलात तर नवेगावबांधच्या पाळीवर जरूर उभे राहा. टिकाव-फावडे आणि घमेली यांच्या बळावर माणसांनी काय उभे केले ते मुलाबाळांनाही दाखवा.