सर्वांत मोठी रात्र

मित्रांनो, वर्षातील सर्वांत मोठी रात्र कोणती, सांगाल का? आपल्याकडे ती २१ डिसेंबरच्या सुमारास येते. इराणमध्ये तिला 'शबे यलदा' म्हणतात. 'शब' म्हणजे रात्र, हे तुम्हांला ठाऊकच आहे. 'यलदा' म्हणजे जन्म. या रात्रीनंतर दिवस मोठा होऊ लागतो, म्हणून हा जणू सूर्याचा जन्म! इस्लामपूर्व काळापासून चालत आलेला हा ऋतूचा सण तेथील कुटुंबे आजही साजरा करतात. २०२२ साली युनेस्कोने त्याची वारसा म्हणून नोंद केली.

पुण्यात आमच्या शेजारी एक इराणी कुटुंब राहत असे. एका वर्षी त्यांनी मला यलदाला बोलावले. सतरंजीवर डाळिंबे, कलिंगड आणि सुका मेवा मांडला होता. वडिलांनी हाफिजचा दिवाण उघडून एक गझल वाचली. तेवढ्यात धाकट्या मुलीने काहीतरी विचारले आणि सगळे गप्प झाले. वडिलांनी मला अर्थ सांगितला, "आज आजीजवळ कोण बसले असेल?"

या रात्री सारे आजी-आजोबांच्या घरी जमतात. यांची आजी मात्र दूर शिराजला एकटीच होती. आईने लगेच फोन लावला. आजीने फोनवरच गोष्ट सुरू केली. मला फारसी येत नव्हती, तरी मी शेवटपर्यंत ऐकत बसलो.

घरी आल्यावर मला झोप येईना. माझी आईही गावी एकटीच होती. पहाटेच्या एस.टी.ने मी निघालो. दार उघडून आईने विचारले, "अरे, आज कोणता सण?"

तुम्ही असतात, तर काय उत्तर दिले असते?