माकणीचा ठेचा आणि सेगेदची मिरची

सास्तूर-माकणीच्या पट्ट्यात शिरलं, की नवी गावं लगेच ओळखू येतात. रस्ते रुंद आणि सरळ, घरं एकाच मापाची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी इथली जमीन हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. पुढे माकणीला तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण दिसतं. भूकंपानंतर देशोदेशीचे शास्त्रज्ञ या पाण्याकडे संशयानं बघत होते; जलाशयाच्या भारानं भूकंप झाला का, यावर बराच वाद झाला.

धरणाजवळच्या टपरीवजा खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मिळाला. "बेतानं खावा, लई तिखट हाय," मावशी म्हणाल्या. ऐकलं नाही. डोळे पुसता पुसता हंगेरीतलं सेगेद आठवलं.

तेही नदीकाठचं गाव. १८७९ साली तिसा नदीच्या महापुरानं ते जवळजवळ पुसून टाकलं आणि नंतर ते नव्या आखणीनं उभं राहिलं. मिरचीही दोन्हीकडे परकीच. मूळ अमेरिकेची, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, हंगेरीत तुर्की राजवटीत रुजली. सेगेदच्या विद्यापीठात आल्बेर्ट सेंट-ज्योर्जी शिकवत. बैलाच्या अधिवृक्क ग्रंथींतून त्यांनी एक आम्ल वेगळं केलं होतं. तेच स्कर्व्ही टाळणारं जीवनसत्त्व 'क', हे गिनीपिगवरच्या प्रयोगांतून कळलं, पण तोवर साठा संपत आला होता. ग्रंथींतून मिळणार ते चिमूटभर. एका रात्री बायकोनं जेवणात ताजी मिरची वाढली. खायची इच्छा नव्हती, म्हणून सेंट-ज्योर्जी ती सरळ प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि मध्यरात्रीपर्यंत घबाड सापडलं. ही हकिगत त्यांनीच सांगितलेली. तीत थोडा मीठमसाला असेलही. मात्र काही आठवड्यांत ते आम्ल किलोच्या मापानं हाती आलं, हे खरं. १९३७चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे ज्या लाल पुडीसाठी सेगेद प्रसिद्ध, तिच्यात हे जीवनसत्त्व फारसं उरत नाही, कारण मिरची वाळवताना ते बरंचसं नष्ट होतं. हिरव्या ठेच्याची बाजू इथे वरचढ.

सेंट-ज्योर्जींनी केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत काम करून १९२७मध्ये पीएच.डी. मिळवली होती. दहाएक वर्षांनी त्याच केंब्रिजमध्ये आपल्या कमला भागवत पोचल्या. मुलगी म्हणून बंगळुरूच्या संस्थेत प्रवेश नाकारणाऱ्या सी. व्ही. रामन यांच्यापुढे हटून बसलेल्या त्या ह्याच. बटाट्यावर काम करता करता वनस्पतींतही सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी दाखवलं आणि १९३९मध्ये पीएच.डी. घेतली. पुढे कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या डाळी आणि नीरा तपासत राहिल्या. नीरेतली जीवनसत्त्वं कुपोषित मुलांना, गरोदर बायांना उपयोगी पडतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

माकणीच्या पाण्यासाठी जग धावून आलं होतं. भाकरीबरोबरच्या मिरचीसाठी कोण येणार? मला तर सेंट-ज्योर्जींपेक्षा कमलाबाईच इथे जास्त रमल्या असत्या असं वाटतं. मावशींना त्यांनी आधी पिठल्याचं डाळीचं पीठ कुठल्या गिरणीतलं ते विचारलं असतं.