काटेरी माशाचं गाव

बालमित्रांनो, नकाशात स्कॉटलंड शोधा आणि त्याच्या उत्तरेकडच्या भागात, पूर्व किनाऱ्यावर बोट ठेवा. तिथं एका खाडीच्या तोंडाशी क्रोमार्टी नावाचं चिमुकलं गाव आहे. चला, आज तिथं फेरफटका मारू या!

गावात गवतानं शाकारलेलं एक बुटकं घर दिसतंय ना? १८०२ साली ह्यू मिलर इथं जन्मला. तो पाच वर्षांचा असताना त्याचे वडील समुद्रात बुडाले. सतराव्या वर्षी मास्तरांशी भांडून या पठ्ठ्यानं शाळा सोडली (हे मात्र गिरवू नका हं!) आणि तो पाथरवट झाला. दगड फोडता फोडता दगड वाचायला शिकला.

आता किनाऱ्यावर उतरू. वारा कसा बोचरा आहे! पण सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. हवा उष्ण होती आणि इथं एक अफाट सरोवर पसरलं होतं. मेलेले मासे त्याच्या तळच्या गाळात गाडले जात. पुढे गाळाचाच दगड झाला.

१८३० साली याच किनाऱ्यावरचे गोटे मिलरनं फोडले, तर आत मासे! इथं सापडणाऱ्या अशा माशांपैकी एक डिप्लॅकॅन्थस. नावाचा अर्थ 'दोन काट्यांचा'. पाठीवर दोन काटे, शिवाय पोटाकडच्या परांपुढेही काटे! हे काटेरी मासे शार्कचे फार जुने नातलग. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी त्यांचा वंश संपला.

गंमत पाहा. त्यांचा सांगाडा बहुतेक कूर्चेचा, म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्यासारखा मऊ. तो सहसा टिकत नाही. टिकतात ते काटे आणि बारीक खवले. ज्या काट्यांनी शत्रूला दूर ठेवलं असेल, त्यांनीच या माशांची ओळख आपल्यापर्यंत पोचवली!

मिलरनं १८४१ मध्ये या खडकांवर पुस्तक लिहिलं. मोठमोठे शास्त्रज्ञ ते वाचून थक्क झाले. त्यानं जमवलेले सहा हजारांहून अधिक जीवाश्म आज एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

तेव्हा मुलांनो, रस्त्याकडेला कुणी दगड फोडताना दिसलं, तर नाक मुरडून पुढे जाऊ नका. जरा थांबा, त्यांच्याशी बोला. दगडाबद्दल त्यांना जे ठाऊक असतं, ते आपल्या पुस्तकात असेलच असं नाही, बरं का!