आधी तानपुरा

पावसाळी हवेत तानपुरा स्वरात टिकत नाही आणि विद्यापीठातले प्रवेश नेमके पावसाळ्यातच होतात. त्यामुळे प्रथम वर्षाच्या मुलांशी माझी पहिली गाठ पडते ती उतरलेल्या तारांपाशी. काहीजण मध्यमा-विशारद करून आलेले असतात. तानांची तयारी असते, पण खुंटीला हात लावलेला नसतो. घरी पेटी असते, नाहीतर मोबाइलमधला तानपुरा.

घरात राहून शिकावं की वर्गात बसून, हा आपल्याकडचा जुना वाद. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात. पुढे काही वर्षांतच भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून शिकत होते. गवई दोन्हीकडून झाले, तेव्हा त्यात मी पडत नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७चं. त्याच्या नावातच गुरुकुल आहे आणि तरी सत्रपरीक्षा कुणाला चुकलेली नाही. मला अडचण वाटते ती घड्याळाची. गुरूच्या घरी शिष्य नुसता ऐकत बसला तरी कुणी गुण मागत नसे. इथे सहा महिन्यांत राग, बंदिशी, मंचप्रदर्शन, तोंडी परीक्षा, सगळं हवं.

म्हणूनच सुरुवातीचे तास मी गाण्याला देत नाही. ताई, यमन कधी सुरू करायचा? करू की. आधी जोड लाव.

मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, षड्जाला लागतात. एक लागली की दुसरी चढवताना दोन्हींच्या नादात लाटा उठतात. जवळ येऊ तशा त्या संथ होतात आणि दोन तारा एक झाल्या की थांबतात. खुंटीनं इथवरच जाता येतं. उरलेलं केसभर अंतर मण्याचं. मुलं मणी घाईनं सरकवतात आणि तार पुढे निघून जाते. मग घोडीवर तारेखालचा दोरा. तो किंचित हलवला की जवारी खुलते, जास्त हलवला की तार मुकी होते. सगळं जमलं की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, कुणीही न छेडलेला. ज्याला तो ऐकू आला, त्याला यमनातला गंधार कुठे लावायचा हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

मोबाइलशी माझं भांडण नाही. हॉस्टेलच्या खोलीत दुसरा झोपलेला असताना तोच बरा. पण तो कधी उतरत नाही, आणि स्वर उतरलाय हे कळण्यासाठी कधीतरी तो उतरावा लागतो.

दुसऱ्या सत्रात मालकंस येतो. त्यात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमावर आणायची. हे काम मात्र मुलं न सांगता करतात, वर तक्रारीही घेऊन येतात. ‘ताई, ही जोड रात्रीतून उतरते. खुंटी घसरते बहुतेक. खडू लावू?’

लाव. आणि तबलजीला ठेका विलंबितच ठेवायला सांग.