बदलीचे गाव आधी पाहून आलो

बदलीचा हुकूम घरात आला तेव्हा आधी आनंद झाला, मग काळजी लागली. मुलांची आई सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. जूनमध्ये तिला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात हजर व्हायचे आहे. मुलांचे बाबा वायरमन. हातात कसब आहे, काम कुठेही मिळेल. पण विक्रोळीच्या चाळीतला वीस वर्षांचा संसार हलवायचा म्हणजे नुसती भांडीकुंडी हलवणे नव्हे. मुलांची शाळा, आजीचे दवापाणी, भाडे, शेजार, सगळे नव्याने जुळवायचे. म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही पाचही जण गाव पाहायला निघालो.

अलिबागला प्रवासी रेल्वे जात नाही. पेणपर्यंत गाडी, पुढे एसटी. आम्ही पनवेलहूनच एसटी धरली. वडखळला गोव्याचा रस्ता सुटला आणि थोड्याच वेळात धरमतरच्या खाडीवरचा पूल आला. खिडकीशी बसलेली आजी म्हणाली, "पोरांनो, बघून घ्या. बाबासाहेबांनी ही वाट सोडून बोट धरली होती."

आजीचे माहेर महाड तालुक्यातले, त्यामुळे ही हकिकत तिला पाठ. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेला जाताना धरमतरच्या वाटेवरचे मोटारवाले ऐनवेळी नाही म्हणतील अशी शंका होती. म्हणून बाबासाहेब आणि सोबतची मंडळी २४ डिसेंबरला मुंबईहून पद्मावती बोटीने निघाली, दासगाव बंदरात उतरली आणि तिथून महाडपर्यंत पायी गेली. ऐकता ऐकता धाकट्याने हातातले तिकीट पुन्हा एकदा पाहिले.

आपण चाललो तो मुलूख परका नाही, हे पुढेही जाणवत राहिले. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला होता. खोती मोडण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येणारी गोष्ट खिडकीतून भाताची खाचरे दिसू लागली की वेगळीच वाटते.

दुपारी कुरूळला नात्यातल्या घरी जेवलो आणि खोली शोधायला बाहेर पडलो. एक ओळखीचे गृहस्थ मदतीला आले. पहिलीच जागा मनासारखी होती. दोन खोल्या, मोरी, नळ वेगळा, रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर. मालकांनी सरबत विचारले. मग आडनाव विचारले. मग मूळ गाव. मग हातातली किल्ली खिशात गेली. "अहो, विसरलोच. पुतण्याला शब्द दिलाय मी." सरबत काही आले नाही.

रस्त्यावर आल्यावर ते गृहस्थ हळूच म्हणाले, "पुढच्या ठिकाणी नुसतं 'सिस्टरबाई' म्हणू या. आडनाव काय, करार करताना बघू. आणि बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावा, म्हणजे कटकट नको." ते आमच्या भल्यासाठीच सांगत होते. ऊन डोक्यावर, धाकटा दमलेला, आणि जून काही फार दूर नाही. खोटे कशाला सांगावे, क्षणभर आमच्याही मनात आले, काय बिघडले?

आजी पायरीवर बसली आणि म्हणाली, "फोटो आत लपवायचा, तर मग पाहुणा आला की आपणही आतच बसायचं का?" थोरली म्हणाली, "आणि शाळेत हजेरी घेताना माझं आडनाव मोठ्यानेच पुकारणार ना?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तिथेच ठरले. पुढच्या दारात आडनाव आपणच आधी सांगायचे. नकार मिळायचा असेल तर तो खोली पाहण्याआधी मिळू दे.

दुसऱ्या दारात तसाच मिळाला. तिसरे घर चेंढऱ्यात, एका वयस्कर बाईंचे. आम्ही आडनाव सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं. भाडं पाच तारखेला लागेल. आणि रात्री अकराला फाटक बंद." मग अडचण निघाली ती वेगळीच. रात्रपाळीचे काय? बरीच बोलाचाली झाली आणि फाटकाची दुसरी किल्ली द्यायला काकू कबूल झाल्या. जागा पहिलीपेक्षा लहान, स्वयंपाकघर अंधारे. ते वायरिंग नीट करून द्यायचे बाबांनी कबूल केले. अनामत रकमेची पावती घेतली. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच असावा, असा महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे. तोही करायचे ठरले. ज्यांना घर बदलायचे आहे अशा वाचकांनी यात भिडस्तपणा करू नये.

रविवारी सकाळी ओहोटीची वेळ विचारून कुलाबा किल्ल्यात चालत गेलो. चहूकडे खारे पाणी, आत मात्र गोड्या पाण्याची विहीर. या किल्ल्यावरूनच जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेव्हा महाड याच कुलाबा जिल्ह्यात होते. गावाच्या नावाचीही अशीच कथा सांगतात. अली नावाच्या एका धनिक बेने इस्रायली गृहस्थाने इथे बागा लावल्या, विहिरी खोदल्या, म्हणून अलिबाग. आजी ऐकत होती. म्हणाली, "विहिरी खणणाऱ्याचं नाव गावाला मिळालं, हे चांगलं झालं."

किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. तीही मुंबईच्या कुलाब्याहून आलेली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ साली ती इथे उभारली. पण जुनी एकदम बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, ताळा पाहिला, मगच मुंबईतली बंद केली. आम्हीही तसेच करणार. जूनमध्ये आई आणि मुले येतील, शाळा सुरू होईल. बाबा आणि आजी दिवाळीपर्यंत विक्रोळीची खोली धरून राहतील.

परतताना मांडव्याहून भाऊच्या धक्क्याची रो-रो बोट धरली. तासाभरात मुंबई. पिशवीत पांढऱ्या कांद्याची माळ होती. या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पावसाळ्यात लहान लाँचा बंद असतात, तेव्हा सामान टेम्पोने रस्त्यानेच न्यावे लागेल, हे वहीत टिपले.

त्या वहीत थोरलीने सामानाची यादी केली आहे. गॅस, पिंप, आजीची खाट, पुस्तकांची पेटी. सगळ्यात वर तिने लिहिले आहे: बाबासाहेबांचा फोटो, बाहेरच्या खोलीत, दारासमोर. खिळा बाबांनी आधी ठोकून ठेवावा.